स्वतंत्र म्हणजे कारणाशिवाय नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेंदू आणि इच्छास्वातंत्र्य ह्यावर लेख आला होता, त्यावर नंतर छापलेली वाचकांची पत्रंही मी सगळी वाचली, आणि तेव्हापासून घरात बायकोचं डोकं खातोय, त्यापेक्षा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. पत्र लांबणार आहे, कात्री लावायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लेखाचा एकंदर सूर असा होता की आपण निर्णय घेतो हा निव्वळ भास असल्याचं मेंदूवरच्या प्रयोगांनी आता सिद्ध झालंय, सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यावर निम्म्या वाचकांनी खूश होऊन लिहिलं की बघा, आम्ही म्हणतच होतो, कपाळावरचं लिहिलेलं टळत नाही. उरलेल्या निम्म्यांनी चिडून लिहिलं की माणूस म्हणजे काय मशीन आहे का, विज्ञानाला काय कळतं त्यातलं. गंमत म्हणजे हे दोघे एकमेकांवर तुटून पडलेत पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलीये, ती म्हणजे एकतर प्रत्येक गोष्टीला आधीची कारणं असतील नाहीतर माणूस मोकळा असेल, दोन्ही एकदम असूच शकत नाही. मला नेमकं हेच पटत नाही. मी फिलॉसॉफी शिकलेला नाही, प्रोग्रॅमिंग करून पोट भरतो, पण हा विषय कॉलेजपासून डोक्यात आहे आणि जमेल तसं वाचत आलोय.

पहिला घोळ शब्दाचा आहे. डिटरमिनिझमला आपण मराठीत नियतिवाद म्हणतो आणि तिथंच गाडी रुळावरून घसरते, कारण नियती म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर कुणीतरी वर बसून पाटी लिहिणारं येतं. डिटरमिनिझमचं म्हणणं फक्त इतकंच आहे की ह्या क्षणी जग जसं आहे त्याची सगळी स्थिती आणि निसर्गाचे नियम घेतले तर पुढच्या क्षणी काय होणार ते त्यातूनच निघतं, दुसरं काही निघू शकत नाही. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ मध्ये हे चित्र फार स्पष्ट रंगवलं होतं, की एखाद्या बुद्धीला विश्वातल्या सगळ्या कणांच्या जागा आणि सगळी बलं माहीत असतील, आणि तेवढं गणित करायची तिची ताकद असेल, तर तिच्यासाठी भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही समोर उघडे असतील. ह्यात देव नाही, हेतू नाही, कपाळ नाही. दैववाद ही वेगळीच भानगड आहे, त्याचं म्हणणं असतं की तू काहीही कर, व्हायचं तेच होणार. ह्या दोन वाक्यांत जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि लेखात ती पहिल्या कॉलमात वेगळी होती अन् तिसऱ्या कॉलमापर्यंत एक झाली होती.

आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात ना, अगदी हाच युक्तिवाद ग्रीकांकडेही होता, त्याला ते आळशी युक्तिवादच म्हणायचे. आजारी माणूस म्हणतो, मी बरा होणार हे ठरलेलं असेल तर डॉक्टर बोलावला काय नाही बोलावला काय, बरा होणारच, आणि मरणार हे ठरलेलं असेल तर डॉक्टर काय करणार, म्हणून डॉक्टर बोलावू नका. क्रिसिपस नावाचा, स्टोइक ह्या ग्रीक पंथाचा तत्त्वज्ञ, इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकातला, स्वतः पक्का नियतिवादी होता तरी त्याने हे मोडून काढलं, आणि ते इतकं सोपं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. तो म्हणाला की बरं होणं ठरलेलं असेल तर ते डॉक्टर बोलावण्यासकट ठरलेलं असेल. म्हणजे डॉक्टरला बोलावणं हा त्या साखळीतलाच एक दुवा आहे, तो काढून टाकला तर पुढची साखळी तीच राहत नाही. खाटल्यावर झोपून राहिलेल्याला हरी काही देत नाही ह्याचं कारण तोच की झोपून राहणं हेही कारणांमध्ये मोजलं जातं.

स्टोइकांचीच अजून एक गोष्ट आहे, खरी खोटी देव जाणे पण जुनी आहे. हा पंथ सुरू करणाऱ्या झेनोच्या गुलामाने चोरी केली, झेनो त्याला फटके मारायला लागला, तर गुलाम म्हणाला, मालक, चोरी करणं माझ्या नशिबातच होतं. झेनो म्हणाला, हो, आणि फटके खाणंही.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्याला मला ग्रीकांची गरज नाही, मराठी व्याकरण पुरतं. माझ्या हातात ग्लास आहे. एकदा मी रागाने तो भिंतीवर फेकला, आणि एकदा ओल्या बोटांतून सटकून पडला. पहिल्या वेळी मी म्हणतो 'मी ग्लास फोडला', दुसऱ्या वेळी म्हणतो 'माझ्या हातून ग्लास फुटला'. फिजिक्सच्या बाजूने बघाल तर दोन्हीकडे नियम तेच, गुरुत्वाकर्षण तेच, स्नायू आणि नसा त्याच, दोन्ही घटनांना आधीची कारणं पुरेपूर आहेत. तरी भाषा दोन्ही वाक्यं वेगळी ठेवते आणि पोरगंसुद्धा त्यात चुकत नाही, उलट फोडलेला ग्लास 'फुटला' म्हणून खपवायला बघतं, म्हणजे फरक त्याला किती पक्का कळतो बघा. मला शिंक येते, पण डोळा मी मारतो. राग मला येतो, माफी मी मागतो. आणि ह्या दोन्हींच्या मधलंही आपल्याकडे आहे, 'माझ्याने राहवलं नाही'. ह्या तीन ठिकाणी भाषा जे तोलतेय ते कारण होतं की नव्हतं हे नाहीच, कारण तर तिन्हीकडे आहे. ती तोलतेय ते कारण कुठून गेलं, माझ्या विचारांतून, इच्छेतून, माहितीतून गेलं की त्यांना वळसा घालून गेलं.

आणि स्वतंत्र हा शब्दच बघा. स्व आणि तंत्र. ज्याचं तंत्र स्वतःचं तो स्वतंत्र, ज्याचं तंत्र दुसऱ्याच्या हातात तो परतंत्र. तंत्रच नसलेल्याला आपण स्वतंत्र म्हणत नाही, त्याला स्वैर म्हणतो, फार तर भरकटलेला म्हणतो. पाणिनीने तर कर्त्याची व्याख्याच 'स्वतन्त्रः कर्ता' अशी केलीये (अष्टाध्यायीचं १.४.५४ सूत्र), क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि ते व्याकरणातलं बोलणं आहे, विश्वाची कारणं तोडून बाहेर आलेला कुणी आत्मा असं काही तिथे नाही. म्हणजे ह्या वादात आपण स्वतंत्र विरुद्ध कारणबद्ध अशी जोडी लावून बसलोय, जी आपल्या शब्दातच नाही. खरी जोडी स्वतंत्र आणि परतंत्र. डोक्याला पिस्तूल लावून सही घेतली तर मी परतंत्र, विचार करून सही केली तर स्वतंत्र, आणि दोन्ही सह्यांना कारणं आहेत. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये साधारण हेच मांडलं होतं, की आपल्या इच्छेने ठरवल्याप्रमाणे करता किंवा न करता येणं हेच स्वातंत्र्य, आणि जो साखळदंडात नाही अशा प्रत्येकाकडे ते असतं. त्यावर जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८८ मध्ये ही दीनवाणी पळवाट आहे म्हणून झाडलंय. कांटचा राग का होता त्याकडे येतो, तो फुकटचा नव्हता.

आधी लेखातले प्रयोग. अमेरिकन मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेटचा प्रयोग १९८३ चा. माणसाला बसवलं, डोक्याला इलेक्ट्रोड लावले, सांगितलं की तुला वाटेल तेव्हा मनगट किंवा बोट हलव, आणि समोर एक ठिपका घड्याळासारखा गोल फिरतोय, अडीच सेकंदांच्या जरा वर एक फेरी, तर हलवावंसं वाटल्याची जाणीव ज्या क्षणी झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते लक्षात ठेव. निघालं काय, तर मेंदूत तयारीचा विद्युत सिग्नल हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढायला लागतो आणि माणूस सांगतो ती जाणीव साधारण २०० मिलिसेकंद आधीची. म्हणजे मेंदू आधी, 'मी' नंतर. तो सिग्नल काही लिबेटने शोधला नव्हता, कॉर्नह्यूबर आणि डेके ह्या दोघांनी तो १९६५ मध्येच छापला होता, लिबेटने त्याला जाणिवेची वेळ जोडली. मग २००८ मध्ये स्कॅनरमध्ये तोच प्रकार झाला, डावं बटण का उजवं, आणि बातम्या आल्या की मेंदू सात ते दहा सेकंद आधीच ठरवतो. ऐकायला भयंकर आहे. पण त्यात अंदाज बरोबर यायचं प्रमाण साधारण ६० टक्के होतं आणि नाणं उडवून ५० टक्के येतं, हे लेखात नव्हतं, ते असायला हवं होतं.

२०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या सिग्नलचा वेगळाच अर्थ लावला. मेंदूत सतत काहीतरी खरखर चालू असतेच, वरखाली होत असते, आणि 'कधीही हलव, काही कारण लागत नाही' अशी सूचना असेल तर ती खरखर जेव्हा योगायोगाने एका उंचीवर पोचते तेव्हा हात हलतो. तुम्ही मागे जाऊन सगळ्या वेळांची सरासरी काढली की साहजिकच चढता आलेख दिसतो. मग तो 'आधीच झालेला निर्णय' राहत नाही. हा वाद अजून चालू आहे, मी कुणाला निकाल देणारा नाही, आणि स्वतः लिबेटनेही इच्छास्वातंत्र्य संपलं असं म्हटलं नव्हतं, शेवटच्या टप्प्यात जाणिवेला नकार द्यायची संधी राहते असं त्याचं मत होतं.

पण समजा लिबेटचा मूळ अर्थच बरोबर आहे. तरी माझा प्रश्न राहतो की बाबा, तू मोजलंस काय? कारण नसताना बोट हलवणं. आयुष्यात ज्याला आपण निर्णय म्हणतो, नोकरी सोडू का, ह्या माणसाशी लग्न करू का, वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवा म्हणून सही करू का, तो असा कधी होतो का? त्यात आठवडे जातात, माणूस रात्री उठून बसतो, चार जणांना विचारतो, कागदावर दोन रकाने पाडतो. हे सगळं मेंदूतच होतं आणि जाणिवेच्या अर्धा सेकंद आधीपण होत असेल, असू दे की. मेंदू म्हणजे काय शेजारी आहे का माझा, की त्याने आधी ठरवलं आणि मला नंतर कळवलं? 'मेंदूने ठरवलं, मी नाही' ह्या वाक्यात विज्ञान नसून जुना आत्मा लपलेला आहे, मेंदूपासून वेगळा कुणीतरी मी आहे असं धरल्याशिवाय ते वाक्य बोलताच येत नाही. लेखक स्वतःला कट्टर विज्ञानवादी म्हणवतात म्हणून जरा जास्त टोचलं.

दुसऱ्या बाजूच्या एका पत्रात क्वांटमचा आधार घेतला होता, की १९२७ मध्ये हायझेनबर्गने अनिश्चितता आणली, म्हणजे सगळं ठरलेलं नाही, म्हणजे इच्छास्वातंत्र्य आहे. हे दोन ओळींत संपवतो. अणू फुटायचा का नाही हे खरोखर योगायोगावर असेल, पण माझा निर्णय त्यावर लटकला तर मी मोकळा झालो की लॉटरीचं मशीन झालो? सात आठे किती विचारल्यावर ज्याच्या डोक्यातून दर वेळी छप्पन्नच निघतं तो गणिताचा गुलाम आणि ज्याच्या डोक्यातून अधूनमधून त्रेपन्न निघतं तो स्वतंत्र, असं कुणी म्हणेल का?

मी प्रोग्रॅमिंगवाला असल्यामुळे मला एक गोष्ट रोज दिसते. प्रोग्रॅम पक्का ठरलेला असतो, तोच इनपुट दिला तर तेच आउटपुट, तरीसुद्धा मोठ्या प्रोग्रॅमबद्दल 'हा काय करेल' हे कळायचा बऱ्याचदा एकच मार्ग असतो, चालवून बघणं. गणिती ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलं की कुठलाही प्रोग्रॅम शेवटी थांबेल की नाही हे आधी सांगणारी एकच सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही. आणि एडवर्ड लॉरेन्झने १९६३ मध्ये हवामानाचं साधं सोपं मॉडेल घेऊन दाखवलं की नियम पक्के असूनही सुरुवातीच्या आकड्यात किंचित फरक पडला तर पुढे उत्तर कुठच्या कुठे जातं. आता ह्यातून स्वातंत्र्य सिद्ध होत नाही, हे मान्य, सांगता न येणं आणि ठरलेलं नसणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यात फार गल्लत करतात. पण एवढं नक्की दिसतं की 'आधीच ठरलंय, मग विचार कशाला' हे चूक आहे, कारण माझ्या बाबतीत जे ठरायचंय ते माझा विचार चालूनच ठरणारे. माझं विचार करणं म्हणजे आधी लागलेला निकाल वाचून दाखवणं नाही, निकाल तिथेच लागतोय.

आता कांटचा राग. आजच्या भाषेत तो सगळ्यात धारदार मांडला अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इन्वॅगनने, १९८३ मध्ये. तो म्हणतो, डिटरमिनिझम खरा असेल तर माझी कृती ही मी जन्मायच्या कितीतरी आधीच्या भूतकाळाचा आणि निसर्गनियमांचा परिणाम आहे. तो भूतकाळ माझ्या हातात नाही. नियम माझ्या हातात नाहीत. मग त्यांचा परिणामही माझ्या हातात नाही, म्हणजे माझी आत्ताची कृतीसुद्धा. वाचलं की पोटात खड्डा पडतो, खोटं का बोला. मी बरीच वर्षं ह्यावर अडकलो होतो.

मला जी वाट सापडली ती 'शकणे' ह्या क्रियापदातून. माझी मैत्रीण पोहते. ती आत्ता खुर्चीत बसून पुस्तक वाचतेय. 'ती पोहू शकते' हे वाक्य आत्ता खरं आहे का? आहे. ती ह्या क्षणी पोहणार नाहीये हे शंभर टक्के ठरलेलं असलं तरी खरं आहे. कारण शकणं म्हणजे तिच्यात असलेली क्षमता, पाणी मिळालं आणि मनात आलं तर ती पोहेल आणि मी बुडेन, हा तिच्यात माझ्यात खरा, मोजता येण्याजोगा फरक आहे. जग कणाकणाने जसंच्या तसं मागे नेऊन परत सोडलं तर ती ह्या वेळी पोहेल का, असं कुणी विचारत असेल तर तो पोहण्याबद्दल बोलतच नाहीये, विश्वाच्या टेपबद्दल बोलतोय. 'तू वेगळं वागू शकला असतास' असं आपण कुणाला म्हणतो तेव्हा आपल्याला टेप रिवाइंड करायची नसते. आपल्याला म्हणायचं असतं की तुला कळत होतं, हातपाय मोकळे होते, जरा थांबून विचार केला असतास तर फरक पडला असता. विरोधक म्हणतील तू शब्दाचा अर्थ बदलून पळालास. मी म्हणतो अर्थ त्यांनी बदललाय, टेपवाला अर्थ घेऊन कुणी कधी कुणाला काही सांगितलंय का रोजच्या बोलण्यात?

ह्या बाबतीत मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अगदी घरगुती आहे आणि माझंच आहे. मला सकाळी अलार्म बंद करून परत झोपायची सवय. वर्षानुवर्षं रात्री निश्चय, सकाळी बोट आपोआप स्क्रीनवर. शेवटी एक दिवस मी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो. तो बंद करायला उठावं लागतं आणि एकदा उठलं की उठलं. आता ह्यात काय झालं बघा. सकाळचा मी पूर्णपणे ठरलेला आहे, हाताशी मोबाईल असेल तर शंभरातले शंभर वेळा तो बंद करणारच, आणि रात्रीच्या मला हे माहीत आहे म्हणूनच रात्रीचा मी त्याच्यावर मात करू शकतो. सकाळचा मी जर बेभरवशाचा असता, कधी असा कधी तसा, तर मला त्याचं काही करताच आलं नसतं. म्हणजे माझ्यातल्या कारणांची साखळी मला जितकी जास्त कळली तितका मी जास्त मोकळा झालो. लेखक म्हणतील रात्रीचं मोबाईल ठेवणंही ठरलेलं होतं. हो, होतं ना. माझ्या विचाराने ठरलेलं होतं. ह्यात माझं काय हरवलं ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

जाता जाता, एका पत्रात गीतेतला 'तुझा स्वभावच तुला करायला लावेल' ह्या अर्थाचा श्लोक दैववादाचा पुरावा म्हणून दिला होता. अठराव्या अध्यायातला साठावा, अगदी बरोबर, 'करिष्यस्यवशोऽपि तत्' म्हणजे नको म्हणालास तरी अवश होऊन करशील. पण पत्रलेखकांनी अजून तीन श्लोक पुढे वाचायला हवं होतं. त्रेसष्टाव्यात तोच कृष्ण म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु', ह्या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. मी हे पुरावा म्हणून देत नाहीये, ग्रंथात आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही. पण ज्या कुणी हे रचलं त्याला स्वभावाची सक्ती आणि विचारपूर्वक निवड चार श्लोकांत शेजारी शेजारी ठेवताना काही अडचण वाटली नाही, आणि नुसतं यथेच्छसि नाही, आधी विमृश्य.

आता जिथे मला लेखकांचं म्हणणं मान्य आहे तिथे येतो, कारण माझ्या बाजूचे लोक इथे हळूच सतरंजीखाली सरकवतात. अमेरिकेतली एक केस आहे, २००० सालची, वैद्यकीय जर्नलमध्ये २००३ ला छापून आलेली. चाळीस वर्षांचा शिक्षक, आधी तसलं वर्तन कधी नाही, अचानक लहान मुलांबद्दल विकृत लैंगिक आकर्षण दिसायला लागलं. कोर्टाने दोषी ठरवलं, पुढे डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला तर मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या वर, मोठी गाठ निघाली. गाठ काढली, विकृती गेली. काही महिन्यांनी परत सुरू झाली, तपासलं तर गाठ परत वाढत होती. परत काढली, परत गेली. हे वाचल्यावर कुणीही म्हणतं की अरे, मग त्याचा काय दोष. आणि लगेच पुढचा प्रश्न, जो लेखात होता आणि बरोबर होता, की गाठ दिसते म्हणून माफ आणि लहानपणी झालेली मारहाण, जनुकं, उपासमार हे स्कॅनमध्ये दिसत नाही म्हणून दोषी, हा कुठला न्याय?

माझं उत्तर असं की गाठीमुळे तो सुटतो ते गाठ हे कारण आहे म्हणून नाही. कारणं सगळ्यांनाच असतात. गाठीने त्याचं स्वतःला आवरायचं यंत्रच मोडलं होतं, त्याला चूक बरोबर सांगता येत होतं पण त्या सांगण्याचा वागण्यावर काही परिणाम होत नव्हता. ब्रेक फेल झालेली गाडी आणि ब्रेक न दाबलेली गाडी, आदळतात दोन्ही. गाठ नसलेल्या पण भयानक बालपण गेलेल्या माणसाचं ब्रेकचं काय, किती शिल्लक आहेत, हा प्रश्न हो किंवा नाहीचा नाहीच, कमी जास्तचा आहे, आणि न्यायाधीशाला तो प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागणार. इथवर माझी गाडी चालते.

पण इथून पुढे एक खड्डा आहे. ज्याचे ब्रेक शाबूत आहेत त्यालाही ते कुणीतरी दिलेलेच असतात. मी माझा स्वभाव निवडला नाही, स्वभाव सुधारायची मला इच्छा झाली ती इच्छाही निवडली नाही, स्वतःच्याच खांद्यावर कुणाला चढता येत नाही. तेव्हा एखादा गुन्हेगार 'मुळातूनच' दोषी आहे, त्याने भोगलंच पाहिजे, भोगण्यातून कुणाचं काही भलं होवो न होवो, ह्या अर्थाची जी जुनी शिक्षा आहे ती माझ्या स्वातंत्र्यावर उभी राहत नाही. समाजाचं रक्षण, धाक, सुधारणा, नुकसानभरपाई, हे सगळं उभं राहतं. सूड राहत नाही. हे बोलून दाखवायला हवं, कारण तत्त्वज्ञानाच्या लोकांचा २०२० मध्ये एक मोठा सर्व्हे झाला होता त्यात सुमारे ५९ टक्के माझ्या बाजूचे निघाले, आणि बहुमतात असलं की माणूस सोयीचं तेवढंच बोलतो.

आणि सूड सोडणं किती अवघड आहे तेही प्रयोगात दिसलंय. निकोल्स आणि नोब ह्या तत्त्वज्ञांनी २००७ मध्ये लोकांना एका काल्पनिक विश्वाबद्दल विचारलं जिथे प्रत्येक गोष्ट आधीच्या कारणांनी पूर्ण ठरते. तिथे कुणी पूर्णपणे जबाबदार असू शकतं का, असं नुसतं विचारलं तर ८६ टक्के म्हणाले नाही. मग त्याच विश्वातला एक माणूस सांगितला, सेक्रेटरीच्या प्रेमात पडून बायको आणि तीन मुलांना घरासकट जाळून मारणारा, तर ७२ टक्के म्हणाले की हा पूर्ण जबाबदार. विश्व तेच, कारणं तीच. म्हणजे आपण हा प्रश्न थंड डोक्याने एक सोडवतो आणि तापलेल्या डोक्याने दुसरा, आणि दोन्ही वेळी आपल्याला वाटतं की तर्कच केला.

लेखकांनी शेवटी लिहिलं होतं की इच्छास्वातंत्र्य नाही हे कळल्यावर आपण एकमेकांवर रागावणं सोडून दिलं पाहिजे. 'पाहिजे' म्हणजे कुणी आणि कसं सोडायचं, असा चिमटा काढता येईल पण तो स्वस्तातला आहे, आणि त्यांचा हेतू मला चांगलाच वाटतो. माझी अडचण वेगळी आहे. राग सोडू हो, पण त्याच दाव्यात पश्चात्तापही जातो. काही वर्षांपूर्वी एका मित्राचा फोन मी उचलला नव्हता, बघत होतो स्क्रीनकडे, कंटाळा आला होता त्याच्या रडगाण्याचा. त्याला त्या रात्री खरंच गरज होती, हे मला नंतर कळलं. तो सावरला, आम्ही बोलतो अजून, त्याने कधी विषय काढला नाही. मी उचलला नाही ह्याला शंभर कारणं होती, दमलेलो होतो, त्या आठवड्यात त्याचा चौथा फोन होता, हे सगळं खरं आहे आणि सगळं मिळून तो क्षण तसाच घडणार होता असं मी मानायला तयार आहे. तरीपण 'माझ्या हातून फोन राहिला' असं मला म्हणता येत नाही. मी उचलला नाही. लेखकांनी पुढचा लेख लिहिला तर ह्या दोन वाक्यांचं ते काय करतात तेवढं लिहावं, मला खरंच वाचायचंय.

आपला,
एक नेहमीचा वाचक